‘बावखल बुजतंय आणि ही ठिगळं लावतेय!’

पत्र, थोडक्यात:

सर, माझं वय ४३. माहेर-सासर दोन्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातलंच. गेली सहा वर्षं गावातली बावखलं (वाडीतली तळी) वाचवायच्या कामात आहे. अर्ज, सभा, पंचनाम्याला हजर राहणं, रात्री भरावाचा ट्रक आला की धावत जाणं, सगळं करते. देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, गटातही आहे. गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. त्यांची लाल लुगडी पेटीत पडून होती, ती उसवून गोधडी शिवायला घेतली. शिवायला बसले की वेळ कुठे जातो कळत नाही. मागच्या महिन्यात एक सभा चुकवली, शिवत बसले. दुसऱ्या दिवशी आमच्यातलीच एक जण सगळ्यांदेखत म्हणाली, ‘बावखल बुजतंय आणि ही ठिगळं लावतेय!’ तेव्हापासून सुई हातात घेतली की चोरी केल्यासारखं वाटतं. प्रभूला विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते. हा आनंद स्वार्थ आहे का? दुसरं म्हणजे, समितीतले म्हणतात, एवढी हौस आहे तर गोधडीवर ‘बावखल वाचवा’ असं शिव, मोर्चात पुढे धरू. मला नाही द्यायची. मी कंजूष आहे का?
– ठिगळवाली, वसई
ता. क. मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.

ठिगळवाली,

ता. क. ला मान देऊन ‘तू’ म्हणतो. प्रभूकडून उत्तर आलं नाही म्हणून माझा नंबर लागला, ही बढती मला झेपणारी नाही. पण सदर माझं आहे, पळता येत नाही.

तुझं पत्र हाताने लिहिलेलं, पाठपोट चार पानं. वर छापलाय तो सारांश. चारपैकी साडेतीन पानं समितीची. कुठल्या बावखलात किती ट्रक माती पडली, कोण कोणाला काय म्हणालं, कुठला कागद कुठे अडला. त्या पानांवरचं अक्षर घाईचं, उजवीकडे झुकलेलं, दोन ठिकाणी पेन कागद फाडून गेलंय. मग चौथ्या पानाच्या मध्यावर गोधडी येते. जेमतेम आठ ओळी. तिथे अक्षर सरळ होतं. ‘एका पदराला हळदीचा डाग होता, तो कापून टाकला नाही, बरोबर मध्यावर घेतला.’ ही ओळ मी आमच्या हिला वाचून दाखवली. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, ‘या बाईला उत्तर कसलं देताय, हिला दोन तास मोकळे द्या.’ सदर खरं तर तिनेच लिहायला हवं.

वसईबाहेरच्या वाचकांना बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं. नाहीतर त्यांना वाटेल, दोन खड्ड्यांसाठी चाललंय सगळं. आमच्या पश्चिम पट्ट्यात माती रेताड आणि समुद्र हाकेवर. जमिनीखाली गोडं पाणी आहे, पण ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं उघडं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू खाली मुरतं, आणि त्या मुरलेल्या पाण्याच्या दाबाने खारं पाणी खालीच राहतं. पूर्वी त्यावर रहाट असत. केळी, पानवेली, फुलझाडं त्यावर जगली. एखादं बावखल भराव टाकून बुजवलं, वर इमारत उभी राहिली, की शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं. म्हणजे तू करतेस ते काम लहान नाही. ते मी कुठेही लहान करणार नाही.

आता टोमणा मारणाऱ्या त्या बाईबद्दल. तिला मी आतून ओळखतो, कारण मी तसाच होतो.

तरुणपणी मी नाताळचे कंदील करायचो. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोन पाचटोकी सांगाडे सुतळीने बांधायचे, मध्ये आडव्या काड्या घालून ते फुगवायचे आणि वर पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर झुरळं कागद खातात, हे आजोबांनी शिकवलेलं. डिसेंबर लागला की वाडीतली पोरं ओट्यावर येऊन बसायची. कोणी खळीत बोट घालून चाटू नये म्हणून एकाला पहाऱ्यावर ठेवायला लागायचं.

मग वसईची हिरवाई वाचवायच्या ‘हरित वसई’ चळवळीचे दिवस आले, १९८९-९० च्या सुमाराचे. माझं अक्षर बरं आणि व्याकरण शुद्ध, त्यामुळे अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या डिसेंबरात शेजारचा सात वर्षांचा पोरगा दारात उभा राहिला. ‘सर, कामट्या कधी तासायच्या?’ मी कागदांतून मान वर न करता म्हणालो, ‘इथे अख्खी वसई चाललीय आणि तुला कंदील सुचतोय!’ पोरगा काही न बोलता गेला. कोयता पडवीत होता, कामट्याही कापून ठेवलेल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, पुढे पोखरल्या गेल्या आणि चुलीत गेल्या.

मला त्या पोराचा राग आला नव्हता. कामट्या तासायला मलाच जायचं होतं आणि मी जात नव्हतो, त्याचा राग होता. तो पोरगा आज तुझ्या वयाचा असेल, जहाजावर नोकरीला आहे. भेटला की छान बोलतो. आमच्या एकाही सभेला तो कधी आला नाही. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, तरी झोप लागत नाही तेव्हा मी तो जोडतो.

तेव्हा त्या मैत्रिणीला एकदा घरी चहाला बोलाव आणि विचार, तू पूर्वी काय करायचीस गं? गायचीस? नाटकात होतीस? लग्नात गाणी म्हणायचीस? टोमण्याचा विषयच काढू नकोस. मला वाटतं, तीच काढेल. नाही काढला तरी चहा तर झाला.

तुझ्या मुख्य प्रश्नावर येतो. तो प्रश्न तुझ्या आधी बायबलमधल्या बेथानी गावात विचारून झालाय. एक बाई अलाबास्त्राची कुपी घेऊन येते, फोडते आणि जटामांसीचं अस्सल तेल येशूच्या मस्तकावर ओतते. (जटामांसी आपल्या हिमालयातली बरं. ती कुपी किती लांबून आली असेल, बघ.) बसलेले लोक कुरकुरतात. हे तेल ३०० दिनारांहून जास्त किमतीला विकून गरिबांना देता आलं असतं! येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे सुट्ट्या वगळल्या तर एका माणसाची वर्षभराची कमाई त्या बाईने एका मिनिटात ओतली. हिशेबाने कुरकुरणारे बरोबर होते. तुझी मैत्रीणही हिशेबाने बरोबर आहे. सभेला एक माणूस कमी होता, तो तू होतीस.

येशू काय म्हणाला? तिला त्रास देऊ नका, तिने चांगलं काम केलंय. मार्कच्या शुभवर्तमानात, मूळ ग्रीकमध्ये, तिथे ‘कालोन’ असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ चांगलं असाही होतो, सुंदर असाही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसले, त्यांची भांडणं झाली नाहीत. मी मराठीचा मास्तर, ग्रीक मला येत नाही. पण हा एक शब्द एका फादरांनी मला फळ्यावर लिहून दाखवला होता आणि तेवढा मी जपून ठेवलाय.

योहानाच्या शुभवर्तमानात कुरकुरणाऱ्याचं नाव दिलंय: यहूदा इस्कार्योत, पुढे येशूला पकडून देणारा. आता तू लगेच मैत्रिणीला यहूदा करून टाकू नकोस! मार्क नुसतं ‘काही जण’ म्हणतो. मला मार्कचं बरं वाटतं. त्या ‘काही जणां’त मीही बसतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. याच गोष्टीत येशूचं ते वाक्य येतं: गरीब तर नेहमीच तुमच्याजवळ आहेत. पोट भरलेल्या माणसांनी त्या वाक्याची उशी करून फार झोपा काढल्यात. गरीब काय, असायचेच, आपण देऊळ सजवू. तसं ते नाही. ते वाक्य जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून आलंय, १५:११. आणि तिथे पुढे लगेच आज्ञा आहे की म्हणून आपल्या गरीब भावासाठी हात सैल सोड. ऐकणाऱ्या यहुद्यांना उरलेला भाग पाठ होता. तेव्हा गोधडी हे सभा कायमची सोडायचं कारण होऊ शकत नाही. तू सोडणार नाहीस हे साडेतीन पानांवरून दिसतंच आहे. पण सदर इतर लोकही वाचतात.

मला स्वतःला या बाबतीत बेथानीहून जास्त आवडते ती बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातली गोष्ट. तिच्यावर प्रवचनं कमी होतात, कारण त्या अध्यायांत नुसती मापं आणि कापडं आहेत, वाचताना पेंग येते. मिसरातून सुटलेले लोक रानात आहेत. पाण्यासाठी त्यांनी आपल्या पुढाऱ्याशी, मोशेशी, भांडण केलंय, इतकं की तो म्हणतो, हे मला आता धोंडमार करतील. पाण्याचं भांडण, समितीतली तणातणी, तुला नवीन नाही. आणि अशा रानात देव काय सांगतो? याजकाच्या झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं करा, आणि दोन डाळिंबांच्या मध्ये सोन्याची घंटी. डाळिंबं! खायची नाहीत, सुताची. त्यासाठी बायकांनी हाताने सूत कातलं, हेही तिथे लिहून ठेवलंय. आणि बसालेल नावाच्या कारागिराबद्दल म्हटलंय की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं. पहिल्या पानापासून वाचत आलीस तर ‘देवाच्या आत्म्याने भरलेला’ असं ज्याच्याबद्दल म्हटलंय असा पहिला माणूस हाच. संदेष्टा नाही, राजा नाही. सोनं, लाकूड, दगड, कापड यांचं काम जाणणारा एक माणूस.

हे मी वर्गात सांगितलं की पुढच्या बाकावरची पोरं विचारायची, ‘सर, मग पाण्याचं काय झालं?’ पाणी मिळालं रे, खडकातून. डाळिंबं त्यानंतरची. पण पुढेही पाणी परत संपलं, भांडणंही परत झाली. डाळिंबं काही कोणी उसवली नाहीत.

हल्ली अशा प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळतं. शिबिरात, प्रवचनात, सगळीकडे. ‘छंद जोपासा, म्हणजे कामासाठी नवी ऊर्जा मिळते.’ मला ते उत्तर आवडत नाही. माणूस म्हणजे मोबाईल आहे का, रात्री भिंतीला लावला आणि सकाळी शंभर टक्के? या उत्तरात गोधडी शेवटी समितीचीच नोकर ठरते. तुला पुन्हा सभेला ढकलता यावं म्हणून तिला परवानगी मिळते. मग ज्या दिवशी शिवून झाल्यावरही तू दमलेलीच राहशील, त्या दिवशी गोधडी नापास.

पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक तुमच्या गटात वाचलं असेलच. बावखलवाल्यांनी ते वाचलं नाही तर कोणी वाचायचं? बहुतेक जण पाणी, हवा, हवामानबदल एवढं वाचून ठेवून देतात. शेवटाकडे, २३७ व्या परिच्छेदात, रविवारच्या विश्रांतीबद्दल आहे. आपण विश्रांतीला निरुपयोगी समजतो, पण तीच माणसाच्या कामाला पोकळ धावपळ होण्यापासून वाचवते, असा त्याचा आशय. आणि हेच विसावणं आपल्याला इतरांच्या हक्कांबद्दल जागं करतं, निसर्गाची आणि गरिबांची काळजी घ्यायला लावतं, असंही तिथे म्हटलंय. धरतीच्या रक्षणासाठी लिहिलेल्या कागदातच हे आहे, म्हणून समितीत दाखवायला बरं.

आणि आपल्या वसईत तर दाखला घरातलाच. हरित वसई संरक्षण समितीच्या अग्रभागी असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वर्षांत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. ललित लिहीत होते, पुढे अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना बसवलं ते मोर्च्यांसाठी नाही, लेखनासाठी. त्यांच्या टेबलावर त्या वर्षांत काय काय कागद येत असतील याची कल्पना कर, आणि तरी त्यातून त्यांनी एका वाक्यासाठी दुसरं वाक्य खोडलं असेल. त्यांच्या आधीचे रेव्हरंड टिळक, तेही कोकणातलेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी उपासनेसाठी अभंग-भजनं लिहिली, ते कामाचं म्हणू. पण फुलांवर लिहिलेल्या कवितांनी कोणतं काम पुढे सरकलं? काहीच नाही. आणि लोकांनी त्यांना ओळखलं ते फुलामुलांचे कवी म्हणून.

आता मोर्चात धरायच्या गोधडीचं. देऊ नकोस. तू कंजूष नाहीस.

फलक हवा असेल तर मांजरपाट आणायचं, दोन टोकांना बांबू, लाल-निळा ऑइलपेंट, जाड ब्रश. एका संध्याकाळी होतं. तुझा हात बरा आहे, तर तो फलक तू जरूर कर, मोठ्या अक्षरांत कर, काना-मात्रा नीट बघून कर. (‘वाचवा’तला ‘च’ दुरून ‘ज’ दिसला की फोटोत काय छापून येतं ते मी अनुभवलंय.) ते समितीचं काम, समितीच्या वेळेत, समितीच्या पैशाने. गोधडी वेगळी. तिच्यात तुझ्या सासूची लुगडी आहेत आणि हळदीचा डाग मध्यावर आहे. तिच्यावर घोषणा शिवलीस तर डाग बाजूला सरकवावा लागेल. उद्या तुलाच आतून वाटलं की हिच्यात एक बावखल काढावं, काठाला रहाट शिवावा, तर शिव. तेव्हाही कोणाला दाखवायची की नाही, ते तूच ठरव.

वेळेचं म्हणशील तर मला दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे रविवारची मिस्सा झाल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत समितीचा फोन तुझ्याकडे नको. गटात आधीच सांगून टाक. कारण सांगू नकोस. कारण दिलं की लोक ते तपासायला येतात. ट्रक आला तर? येईल. तेव्हा दुसरं कोणी धावेल. सहा वर्षांत धावायला शिकलेली माणसं तुमच्यात असणारच, तू नेहमी आधी पोचतेस म्हणून ती दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट, ते कागद. तू लिहिलंयस की माहिती अधिकाराचा अर्ज टाकल्यापासून रोज रात्री फाईल काढून बघतेस. अगं, कायद्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तू रात्री जागलीस म्हणून उत्तर २९ व्या दिवशी येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुदतीच्या तारखेला गोल कर आणि फाईल कपाटात टाक. किल्ली दुसऱ्या कोणाकडे दिलीस तर आणखी बरं. मी माझी किल्ली फार उशिरा दिली. ज्याला दिली त्याचे अर्ज माझ्याहून लहान असायचे, आणि उत्तरं त्यालाच जास्त यायची.

प्रभूने उत्तर दिलं नाही, असं तू लिहिलंस. यावर मी बोलू नये, माझा अधिकार नाही. एवढंच विचारतो, प्रश्न विचारलास तेव्हा सुई हातात होती की फाईल?

कंदिलाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर पुन्हा कामट्या आणल्या. पहिल्या वर्षी हात थरथरत होता, एक टोक आखूड झालं, कंदील वाऱ्यावर लंगडत फिरायचा. आता बरे होतात. कागद पूर्वीसारखा मिळत नाही, रंग फिकट येतात. ओट्यावर पोरं येत नाहीत, त्यांच्या शिकवण्या असतात. मी एकटाच खळ ढवळत बसतो आणि मला ते चालतं.

आमच्या हिचा निरोप, जसाच्या तसा: लाल लुगडी जुनी झाल्यावरही रंग सोडू शकतात, जुनी म्हणून विश्वास ठेवू नये. अस्तर पांढरं घेतलं असशील तर पहिलं धुणं एकटीचं, मिठाच्या गार पाण्यात, आणि वाळवायची सावलीत. हळदीच्या डागाला साबण लावू नकोस, लाल होईल. आणि कडेला कुठल्या लुगड्याचा काठ लावलास ते तू पत्रात लिहिलंच नाहीस, तेवढं कळव म्हणते.